कान कुठे ठेवून आलात?

बसू नका, उभ्यानंच ऐका. खुर्चीत बसलं की तुमचे डोळे मिटतात आणि कान तर आधीपासूनच बंद असतात. इंटर्न मंडळी, मागे लपू नका, पुढे या. मोबाइल खिशात. जो भिंतीला टेकलाय त्यानं भिंत सोडावी. ती तुमच्याशिवाय उभी राहील.

काल रात्री कॅज्युअल्टीत आलेल्या मुलीचा केसपेपर माझ्या हातात आहे. वय 23, पहिलटकरीण, सातवा महिना, तक्रार धाप लागण्याची. कुणी लिहिला हे विचारत नाही, अक्षर मला ओळखू येतं. नाडी 130, श्वास मिनिटाला 40. आणि खाली काय लिहिलंय? ‘एस वन, एस टू नॉर्मल. मर्मर नाही.’ वर झोकदार सही. खरं सांगा, स्टेथोस्कोप टेकवला होता तो अंगावर की पदरावर? आणि टेकवला तेव्हा कानात होता का?

पुढचं तर आणखी छान आहे. छातीत शिट्टी वाजतेय म्हणून दमा ठरवला आणि साल्ब्युटामॉलची वाफ दिली. बीपी 96 दिसलं म्हणून सलाइन सोडलं, तेही भराभर. तासाभरात पोरीच्या तोंडातून गुलाबी फेस यायला लागला. मग धावपळ, मग फोन, मग रजिस्ट्रारला झोपेतून उठवणं. वरातीमागून घोडं.

काय केलंत ते तुम्हाला कळलंय का? डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त उतरतं ते मायट्रल झडपेतून. निरोगी माणसात ही झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते. उघडणं दीडवर किंवा त्याखाली आलं की आजार तीव्र समजायचा. या मुलीचं पहाटेच्या इकोत 0.8 निघालं. एस.टी.चं दार अर्धवट अडकलंय असं समजा. गाडी स्टँडवर बऱ्यापैकी थांबली तर एकेक करून सगळे आत येतात. कंडक्टरनं लगेच घंटी मारली तर निम्मे प्रवासी खालीच राहतात. ठोके वाढले की हृदयाचा थांबा लहान होतो. रक्त वरच्या कप्प्यात तुंबतं आणि तिथून मागे फुफ्फुसात दाटतं. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, म्हणजे गर्दीही वाढलेली. अशा वेळी तुम्ही साल्ब्युटामॉल देऊन घंटी मारलीत आणि सलाइन लावून स्टँडवर आणखी एक गाडीभर माणसं आणून सोडलीत.

करायचं काय होतं? उठवून बसवायचं, पाय खाली सोडायचे, ऑक्सिजन लावायचा, शिरेतून फ्रुसेमाइड द्यायचं आणि ठोके खाली आणण्यासाठी मेटोप्रोलॉल. बस्स. रजिस्ट्रारनं येऊन एवढंच केलं आणि ती वाचली. त्याचं कौतुक मी करणार नाही, त्याला त्याचाच पगार मिळतो.

आता ‘मॅडम, शिट्टी तर वाजत होती’ असं कुणी तरी पुटपुटलं. वाजणारच. फुफ्फुसात पाणी भरलं की श्वासनळ्याही सुजतात आणि शिट्टी वाजते. म्हणून विचारायचं असतं. दम्याचा त्रास लहानपणापासून होता का? नव्हता. आडवं झाल्यावर गुदमरतं का? हो, गेले पंधरा दिवस ती भिंतीला टेकून, बसून झोपतेय. मध्यरात्री दचकून उठून खिडकीशी जाते का? जाते. हे सगळं तिच्या सासूला ठाऊक होतं, जावेला ठाऊक होतं, फक्त केसपेपरला ठाऊक नव्हतं. गावात तिला लोहाच्या गोळ्या मिळाल्या, कारण गरोदर बाईला धाप लागली की रक्त कमी म्हणायचं, ही आपली ठरलेली प्रार्थना. रक्त कमी असेलही. पण रक्त कमी असलेली बाई रात्री बसून झोपत नाही.

तिची आई बाहेर बाकावर बसलीय. तिच्याशी कुणी बोललं? मी बोलले. मुलगी अकरा वर्षांची असताना घसा धरला होता, घरीच हळद-दूध देऊन अंगावर काढला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला आणि गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा सुजला, घोटा बरा झाला तर कोपर. डॉक्टर म्हणाले, वाढीचं दुखणं आहे. अरे, वाढीच्या दुखण्यात सांधा सुजतो का कधी? एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरतो का? तो सांध्यांचा ताप होता, र्‍हुमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसशी लढायला शरीरानं जी शस्त्रं तयार केली, तीच स्वतःच्या सांध्यांवर आणि झडपांवर उलटली. सांधे महिनाभरात विसरून जातात. झडप विसरत नाही. ती पुढची दहा-वीस वर्षं हळूहळू जाड होत, चिकटत राहते.

पुढच्या वर्षी तिचे हात आपोआप नाचायला लागले. कप हातातून पडायचा, वहीतलं अक्षर बिघडलं, शाळेत मार खाल्ला. घरच्यांनी देवऋषाकडे नेलं. देवऋषाला मी बोल लावत नाही, त्यानं एमबीबीएस केलेलं नव्हतं. पण ज्यांनी केलं होतं त्यांनीही कोरिया ओळखला नाही. डकेट जोन्सनं या आजाराचे निकष 1944 मध्ये लिहून ठेवले. 2015 मध्ये ते सुधारले, तेव्हा जिथे हा आजार जास्त आहे तिथे एकच सांधा सुजला तरी तो मोठा निकष धरावा असं ठरलं. आपण कुठे मोडतो ते सांगायला नको. परीक्षेत हे निकष तुम्ही घडाघडा म्हणता, आणि ओपीडीत पाय दुखतो म्हणणारं दहा वर्षांचं पोर आलं की कॅल्शियमचं सिरप लिहून देता.

दोन वर्षांपूर्वी तिच्या थुंकीतून रक्त पडलं. थुंकी तपासली, जंतू सापडले नाहीत. तरी टीबीच्या गोळ्या सहा महिने गिळायला लावल्या. त्या वेळचा एक्स-रे आईच्या पिशवीत आहे. पिशवीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी तो खिडकीपाशी धरून पाहिला. हृदयाची डावी कड सरळ झालेली, उजव्या बाजूला दोन सावल्या एकावर एक, फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या शिरा फुगलेल्या. वरचा कप्पा मोठा झाल्याचं फिल्मवर स्पष्ट दिसत होतं, आणि पाहणारा टीबीचा डाग शोधत होता. मायट्रल झडप अरुंद झाली की थुंकीतून रक्त पडतं, हे पुस्तकात पहिल्याच पानावर असतं. क्षय आपल्याकडे खूप आहे, मान्य. म्हणून खोकल्यातून आलेलं प्रत्येक रक्त क्षयाचंच होत नाही.

आता ऐकण्याबद्दल. हा आवाज ऐकायला अवघड आहे हे मला माहीत आहे, म्हणून तर शिकवावा लागतो. पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं. शिखराचा ठोका बोटानं शोधायचा. तो बोटाला टकटक लागतो, कारण पहिला आवाज मोठा झालेला असतो. तिथे स्टेथोस्कोपची बेल ठेवायची. बेल, डायफ्रॅम नाही. आणि ती अलगद ठेवायची, दाबायची नाही. दाबली की कातडीच ताणून डायफ्रॅम होते आणि खालच्या पट्टीतला घरघराट पुसला जातो. मग दुसऱ्या आवाजानंतर झडप उघडल्याची टिचकी ऐकायची. ती दुसऱ्या आवाजाच्या जितकी जवळ, तितकी झडप जास्त अरुंद. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा, असा अडाणी हिशेब करू नका. घरघराट किती वेळ चालतो ते महत्त्वाचं. नाडी 130 असताना तो ऐकू येणार नाही, हेही खरं. मग केसपेपरवर ‘नाडी जलद, आवाज नीट ऐकू येत नाही, पुन्हा तपासणे’ असं लिहायला काय हात दुखतो? जे ऐकलं नाही ते ‘नाही’ म्हणून लिहिणं, याला मी चूक म्हणत नाही. याला लबाडी म्हणतात.

‘इको करूनच घेतो ना, मॅडम.’ हे वाक्य मला रोज ऐकवता. घ्या की. इको मला नको आहे असं नाही. स्वीडनमधल्या लुंड गावात 1953 मध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं, ते एडलरला ऑपरेशनआधी मायट्रल झडपेचा अंदाज घ्यायचा होता म्हणूनच. म्हणजे ते यंत्र याच आजाराच्या पोटी जन्माला आलं. पण इकोची चिठ्ठी कुणी लिहायची? ज्याला शंका येईल त्यानं. गावातल्या उपकेंद्रात यंत्र नाही, तुमच्यासारखाच एक डॉक्टर आहे आणि त्याच्या गळ्यात नळी आहे. लाएनेकनं 1816 मध्ये पॅरिसच्या नेकर रुग्णालयात कागदाची सुरळी छातीला लावून ऐकलं होतं. तुमच्या नळीची किंमत किती ते मला माहीत आहे, आणि रंगही चांगला निवडलाय.

या मुलीची झडप फुग्यानं उघडता येईल. जांघेतल्या शिरेतून नळी वर न्यायची, दोन कप्प्यांमधला पडदा टोचून डावीकडे जायचं आणि झडपेत फुगा फुगवायचा. जपानच्या इनोए या सर्जननं 1982 मध्ये हे पहिल्यांदा केलं. झडप किती कडक आहे, कप्प्यात गुठळी आहे का, हे आधी पाहावं लागतं. गरोदरपणातही करता येतं, पोटावर शिशाचं आवरण घालून. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं. त्याचे कागद आज दुपारपर्यंत पूर्ण झालेले मला हवेत. रेशनकार्ड गावी राहिलंय ही सबब नातेवाइकांनी सांगायची असते, डॉक्टरनं नाही.

आणि फुगा झाला की तुम्ही हात झटकणार, हेही मला माहीत आहे. कारण त्यापुढचं काम कंटाळवाणं आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन, 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी एक सुई. झडप खराब झालेल्या पेशंटला निदान चाळिशीपर्यंत, काहींना जन्मभर. या मुलीचा हिशेब करा: वर्षाला सतरा-अठरा, सतरा वर्षं, म्हणजे तीनशेच्या आसपास सुया. त्यातली एकेक चुकली की पुन्हा घसा, पुन्हा ताप आणि उघडलेली झडप पुन्हा चिकटणार. आता मला सांगा, गेल्या वर्षभरात तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःच्या हातानं ही सुई दिलीय? बघा, सगळ्यांच्या तोंडात मिठाची गुळणी.

भीती वाटते, हे कळतं. पेनिसिलिननं माणूस दगावतो असं ऐकून ऐकून गावोगावचे डॉक्टर ही सुई द्यायला नकार देतात, आणि पेशंट बिचारा कुपी हातात घेऊन दवाखाना-दवाखाना फिरतो. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी दहा हजार सुयांमागे एखाद-दुसऱ्या वेळी येते. तिच्यासाठी अ‍ॅड्रिनॅलिनची कुपी हाताशी ठेवायची, मोठ्या माणसाला अर्धा मिली मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. ती कुपी आपल्या ट्रेमध्ये कुठे आहे? दाखवा. नाही ना माहीत? मग भीती पेनिसिलिनची नाही, स्वतःच्या अडाणीपणाची आहे. सुई दिल्यावर कोसळलेला प्रत्येक जण अ‍ॅलर्जीनं कोसळतो असंही नाही. ज्याची झडप फारच अरुंद आहे किंवा हृदय थकलंय, त्याला दुखण्यानं आणि घाबरण्यानं आलेली चक्करही झेपत नाही. म्हणून अशा पेशंटला सुईचा हट्ट धरायचा नाही, तोंडानं पेनिसिलिन द्यायचं. ही मुलगी फुगा होईपर्यंत गोळ्यांवर राहील, झडप उघडून ती सावरली की सुईवर. आणि सुई द्याल तेव्हा आडवं झोपवून, उपाशीपोटी नाही, कुपी तळहातात कोमट करून, हळू. ढुंगणात खुपसून पळायचं नाही. दुखलं तर ती पुढच्या वेळी येणार नाही, आणि मग तुम्ही लिहाल, ‘पेशंट औषधं नियमित घेत नाही.’

आता पुरुष वॉर्डातले काका, चौदा नंबर. वय 58, हृदयाची पंप करण्याची ताकद 25 टक्के. या वर्षातलं हे चौथं अ‍ॅडमिशन. चारही डिस्चार्ज कार्डं मी समोर मांडली. चारहींवर लॅसिक्स, पोटॅशियमचं सिरप आणि ‘मीठ कमी खाणे’. तिसऱ्यावर गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक! अरे, दुखण्याची ही गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, मूत्रपिंडाला मार देते. एका हातानं पाणी काढलं, दुसऱ्या हातानं भरलं, आणि काकांना विचारताय, ‘पथ्य पाळलं नाही का?’

लघवीच्या गोळीनं सूज उतरते, श्वास मोकळा होतो. आयुष्य वाढतं ते दुसऱ्या चार औषधांनी, आणि हे आजकालचं ज्ञान नाही. बीटा ब्लॉकरचे आणि स्पायरोनोलॅक्टोनचे मोठे अभ्यास 1999 चे आहेत. राल्स नावाच्या त्या अभ्यासात स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. तेव्हा तुमच्यातले काही जण जन्मलेही नसतील. तिसरं एसीई गटातलं किंवा सॅक्युबिट्रिल-वालसार्टन. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये 36 तास मोकळे सोडायचे, नाहीतर चेहरा आणि गळा सुजेल. चौथं डापाग्लिफ्लोझिनच्या कुळातलं, मधुमेह असो वा नसो. 2020 मध्ये त्याचं पेटंट संपल्यापासून ते आपल्याकडे स्वस्तही झालंय, तेव्हा ‘परवडत नाही’ म्हणू नका. चारही थोड्या मात्रेनं सुरू करायची. बीटा ब्लॉकर पाणी उतरल्यावर, भरल्या फुफ्फुसात नाही. मग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बोलावून, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून मात्रा वाढवायची. स्ट्राँग-एचएफ हा अभ्यास 2022 मध्ये आला. घरी गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत भराभर मात्रा वाढवून पेशंटवर बारीक नजर ठेवली तर पुन्हा भरती होणं आणि मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण कमी होतं, हे त्यात दिसलं. आपण काय लिहितो? ‘एक महिन्यानंतर ओपीडी.’

आणि हे चार नावांचं स्तोत्र ऐकून उद्या त्या मायट्रलच्या मुलीला चारही औषधं लावाल, म्हणून आत्ताच सांगते: तिचा पंप चांगला आहे, दार अडकलंय. दार उघडा. हृदय निकामी होणं हे पूर्ण निदान नव्हे, ‘कशामुळे’ हा प्रश्न त्याला चिकटलेलाच असला पाहिजे. पंप 60 टक्के चालतोय म्हणून ‘इको नॉर्मल, घरी जा’ हेही तितकंच चूक. हृदय कडक झालेल्या माणसालाही धाप लागते आणि पाय सुजतात.

मिठाबद्दल ‘कमी खा’ म्हणून काही होत नाही. काकूंना समोर बसवा आणि नावं घेऊन सांगा: पापड, लोणचं, सुकट, खारे बोंबील, ठेचा, फरसाण. सैंधव चालतं असा घरोघरी समज आहे, सैंधवही सोडियमच. आणि बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनसोबत ते घातक ठरू शकतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, खाण्याआधी वजन करायला सांगा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे. तेव्हा फोन करायचा. सूज घोट्यापर्यंत येईस्तोवर थांबायचं नाही.

कोपऱ्यातल्या आजोबांना चक्कर आली म्हणून मेंदूचा एमआरआय लिहिलाय. मानेपर्यंत जाणारा खरखरीत आवाज कुणी ऐकला? त्यांची महाधमनीची झडप चुन्यासारखी कडक झालीय. अशा माणसाला चक्कर, छातीत दुखणं किंवा धाप यातलं एक जरी सुरू झालं, तरी झडप बदलली नाही तर सरासरी दोन-तीन वर्षंच उरतात, फार तर पाच. ‘वय झालंय’ हे निदान नव्हे. फ्रान्समधल्या रुआंच्या क्रिबिएनं 2002 मध्ये छाती न उघडता नळीनं ही झडप बसवून दाखवली, त्यामुळे ऑपरेशन झेपणार नाही हे कारणही आता पुरत नाही. आणि छातीत दुखतंय म्हणून त्यांच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट सरकवू नका, बीपी धाडकन खाली येईल.

धातूची झडप बसवलेल्यांबद्दल थोडक्यात. मायट्रल जागी बसवली असेल तर रक्त आयएनआर 2.5 ते 3.5 येईल इतकं पातळ ठेवायचं. नव्या, तपासणी न लागणाऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेली चित्रा झडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली, तिलाही हाच नियम. सांध्यांच्या तापानं अरुंद झालेली मायट्रल झडप आणि अनियमित ठोके असतील, तर तिथेही वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच; रिव्हारॉक्साबॅन देऊन पाहिलं तेव्हा जास्त माणसं दगावली, 2022 चा इन्व्हिक्टस अभ्यास वाचा. पालेभाजी बंद करायला सांगू नका, रोज सारखीच खायला सांगा. आणि झडपेच्या पेशंटला ताप आला की अँटिबायोटिक आधी आणि रक्ताचं कल्चर नंतर असं कुणी केलं, तर त्यानं माझ्यासमोर उभं राहू नये.

पुरे झालं. सोमवारपासून या युनिटमधून जाणाऱ्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर मला इतकं दिसलं पाहिजे: घरी जातानाचं वजन, मात्रा वाढवायला कधी बोलावलंय ती तारीख, पुढच्या पेनिसिलिनची किंवा आयएनआरची तारीख, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा त्याचा नंबर. हृदयाच्या रकान्यात ‘डाव्या कुशीवर ऐकलं’ असं तपासणाऱ्याच्या नावानिशी. यातलं एक जरी नसलं तरी माझी सही मिळणार नाही, आणि पेशंट का खोळंबलाय हे बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या माणसांना तुम्ही स्वतः जाऊन सांगाल.